विसावा आणि बाकडे

विसावा ही माणसाची गरज आहे की चैन, असा प्रश्न विचारला तर बहुतेक लोक 'गरज' असेच उत्तर देतील. परंतु ती कुणाची गरज, असे लगेच पुढे विचारले की उत्तर यायला थोडा वेळ लागतो. या लेखात मला त्या मधल्या वेळाविषयी बोलायचे आहे.

हल्ली आपल्या शहरात अशी ठिकाणे निघाली आहेत की जिथे अंगाला तेल लावून घ्यावे, वाफ घ्यावी, ऊन पाण्यात पडून राहावे आणि मग त्याच छपराखाली चार घास निवांत खावेत. त्यांना 'स्पा' म्हणतात. बेल्जियममध्ये स्पा नावाचे एक गाव आहे. तिथल्या झऱ्यांच्या पाण्यासाठी युरोपातले लोक शेकडो वर्षे जात आले आणि गावाचेच नाव पुढे या सगळ्या व्यवसायाला पडले. नाव परके आहे, पण वस्तू परकी नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण दुसरे काय करतो? तेल, उटणे, ऊन पाणी आणि त्यानंतर फराळ. वज्रेश्वरीच्या आणि तुरळच्या उन्हाळ्यांवर आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगे शेकलेलीच आहेत. तेव्हा नवलाई तेलाची किंवा पाण्याची नाही. जी गोष्ट घरात वर्षातून एकदा, आईच्या किंवा बायकोच्या हातून, फुकट मिळत होती, तिला आता स्वतःची इमारत मिळाली, दर मिळाला आणि मुख्य म्हणजे सजावट मिळाली. नवे आहे ते एवढेच.

मी खडकीचा. खडकी हे गाव विसाव्यासाठी प्रसिद्ध नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई इथल्या माळावर झाली आणि तिच्या पाठोपाठ छावणी आली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांची दफनभूमी इथेच आहे. युद्ध संपल्यावर किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना उभा राहिला. सैनिक, कामगार, रेल्वेचे लोक आणि त्यांच्यावर जगणारा बाजार असे हे गाव. या गावात पिढ्यान्‌पिढ्या विसावा भोंग्याने सुरू झाला आणि भोंग्याने संपला. त्यामुळे विसाव्याचे नाव निघाले की इथल्या माणसाच्या मनात आधी 'किती मिनिटे?' हा प्रश्न येतो आणि मग 'बसायला जागा आहे का?' हा दुसरा. मऊ उशी, मंद दिवा, सुगंध वगैरे गोष्टी त्याच्या यादीत फार खाली असतात.

या सजावटीची मी थट्टा करीत नाही. माझा एक जुना विद्यार्थी इमारतींच्या आतली मांडणी करण्याचे काम करतो. एका मोठ्या कचेरीत तो हाताखाली आहे, आणि अशाच एका विसावागृहाचा नकाशा त्याच्याकडे आला होता. तो नकाशा घेऊन तो एका रविवारी माझ्याकडे बसला आणि दोन तास समजावून सांगत होता. या कामात किती विचार असतो हे मला त्या दिवशी कळले. वाफेच्या खोलीचे छत सपाट ठेवायचे नाही, त्याला उतार द्यायचा. नाहीतर छताला धरलेले पाणी थेंब थेंब माणसाच्या डोक्यावर पडते. तेल सांडणार त्या ठिकाणी गुळगुळीत फरशी घालायची नाही, खरखरीत दगड घालायचा. स्वयंपाकघरातली हवा जितकी आत येते त्याहून जास्त बाहेर ओढून टाकायची, म्हणजे फोडणीचा वास जेवणाच्या दालनात आणि तिथून तेलाच्या खोल्यांत शिरत नाही. जेवणाचे दालन गार चालते. पण उघड्या अंगाला तेल लावले की माणसाला थंडी वाजते, म्हणून ती खोली उबदार हवी. एकाच छपराखाली दोन ऋतू सांभाळायचे असतात.

त्याने सांगितलेली सर्वांत सुंदर गोष्ट दिव्यांविषयीची होती. तो म्हणाला, "सर, इथे माणूस उताणा पडलेला असतो. आपण नेहमी दिवा छताला लावतो, कारण आपण उभे असतो. पण पडलेल्या माणसाच्या तो थेट डोळ्यांत जातो. म्हणून दिवे भिंतीच्या पायथ्याशी, झाकलेले ठेवायचे."

मला हे फार आवडले. कुणी अनोळखी माणूस उद्या येणार, पडणार आणि डोळे मिटणार. त्याच्या डोळ्यांची आज कुणीतरी काळजी घेतो आहे. सजावट या शब्दाला आपण उगाच हिणवतो. चांगली सजावट म्हणजे दुसऱ्याच्या शरीराच्या जागी स्वतःला ठेवून बघणे. नीतीचा आरंभ याहून वेगळ्या ठिकाणी होत असेल असे मला वाटत नाही.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात प्रश्न आला. त्या खोलीत शरीरे दोन असणार. एक पडलेले आणि एक उभे. पडलेल्याच्या डोळ्यांचा विचार झाला. उभ्या असलेल्याच्या पाठीचा झाला का? मालिशीचे टेबल दोन-तीन इंच बुटके झाले तर मालिश करणारीला दिवसभर वाकून राहावे लागते. मी नकाशावर शोधले. पाहुण्यांना तेलानंतर टेकायला एक दालन होते, त्यात सहा आरामखुर्च्या आणि पलीकडे पाण्याचा लहानसा हौद. जेवणाच्या दालनात चाळीस माणसांची सोय. चपला ठेवायलासुद्धा चांगली लांबरुंद जागा. मालिश करणाऱ्या मुली, वाढपी, आचारी, सफाईवाल्या मिळून बावीस माणसे तिथे काम करणार होती. त्यांच्यासाठी जिन्याखाली सहा फूट बाय पाच फुटांचा एक चौकोन होता आणि त्यात 'कर्मचारी व चादरी' असे लिहिले होते.

मी विचारले, "यात बसणार कुठे?"

तो म्हणाला, "सर, त्या बसत नाहीत. मधे वेळ मिळाला तर चादरींच्या गठ्ठ्यावर टेकतात. जागेचे भाडे फुटावर आहे."

त्याचा दोष नव्हता. त्याला जे सांगितले गेले ते त्याने काढले होते. पण माझा प्रश्न इथून पुढे त्या नकाशापुरता उरला नाही. ज्या घरात विसावा हेच विकायचे आहे, त्या घरात विसाव्याला जागा नसलेली बावीस माणसे असावीत, यात विसंगती आहे की ही जगाची रीतच आहे?

रीत आहे हे तर खरेच. रोममध्ये इसवी सन २१६ मध्ये सम्राट काराकाल्लाची प्रचंड स्नानगृहे सुरू झाली. संगमरवर, रंगीत दगडांच्या फरशा, पुतळे, थंड, कोमट आणि कढत पाण्याची वेगवेगळी दालने होती. जमीन खांबांवर उचलून तिच्याखालून गरम हवा खेळवीत. आणि या सगळ्याच्या खाली भुयारे होती. त्या भुयारांतून गुलाम लाकडे वाहत आणि भट्ट्या पेटत्या ठेवीत. आपल्याकडे खानदेशच्या वेशीवर बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमामखाना आजही बघायला मिळतो, आणि त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे. नक्षीकडे सर्वांच्या माना वर होतात. पाणी कुणी तापवले, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. ती माणसे पाहुण्याला दिसू नयेत अशीच रचना असते. विसाव्याच्या वास्तूला नेहमीच दोन वाटा असतात, एक पाहुण्यांची आणि दुसरी सेवेची, आणि या दोन वाटा कुठेही एकमेकींना छेदू नयेत यातच कारागिराचे कसब मानले जाते.

आपले वाडे तरी याला अपवाद होते काय? ओटी, चौक, दिवाणखाना यांची वर्णने आपण गहिवरून करतो. माजघराच्या काळोखाविषयी आणि धुराने भरलेल्या स्वयंपाकघराविषयी तितक्या गहिवराने कुणी बोलत नाही. पहिली पंगत पुरुषांची असे. घरातल्या बायका जेवत तेव्हा आमटीला तळ लागलेला असे. म्हणून जुने ते सोज्ज्वळ आणि नवे ते बाजारी, असा सोपा निवाडा मला करता येत नाही.

उलट, नव्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी आणि अन्न या दोनच गोष्टींवरून आपल्या समाजाने माणसांना सर्वांत जास्त दूर ठेवले. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा ती बंडखोरी होती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत टिळकही होते आणि रानडेही होते. ती नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि एका कपावरून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि मागाहून त्या तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो शहरातल्या हॉटेलाला नावे ठेवताना जरा जपून बोलेल. कोपऱ्यावरच्या इराण्याने संगमरवरी टेबल मांडले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ठेवल्या, भिंतीवर आरसे लावले. त्याच्या टेबलाशी कोण कुणाशेजारी बसला हे विचारण्याची सोयच उरली नाही. डेक्कनवरचे गुडलक १९३५ पासून चालू आहे. तिथे मांडीला मांडी लावून चहा प्यायलेल्यांच्या जातींचा हिशेब कुणी मांडलेला नाही. आजच्या विसावागृहाच्या दारातही पैसे विचारतात, जात विचारीत नाहीत. पैशाचे दार अरुंद आहे हे मान्य. पण जे दार पूर्वी बंदच होते, त्यापेक्षा ते बरे.

तेव्हा ही ठिकाणे बंद व्हावीत असे मी म्हणत नाही. तिथे येणारा माणूसही दमलेलाच असतो. दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावर आणि बाकीचे पडद्यासमोर घालवणाऱ्या तरुणाची मान आखडली असेल तर त्याला 'चैनखोर' म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि तिथे काम करणाऱ्या मुली, कुणी मिझोरामची, कुणी नागालँडची, कुणी आपल्याच मराठवाड्यातली, त्या पगारावर घर चालवतात. मी नाक मुरडून गेलो नाही, तर माझी नीती शाबूत राहील आणि त्यांची नोकरी जाईल. असल्या नीतीला मी फार किंमत देत नाही.

कुणी म्हणेल, एकाने पडायचे आणि दुसऱ्याने चेपायचे, यातच मुळी विषमता आहे. मला तसे वाटत नाही. न्हावी उभा राहतो आणि आपण बसतो. परिचारिका जागते आणि रोगी झोपतो. मी फळ्यापाशी उभा असतो आणि मुले बाकांवर असतात. दुसऱ्यासाठी उभे राहण्यात कमीपणा नाही. पण माझा तास संपला की शिक्षकांच्या खोलीत माझ्या नावाची एक खुर्ची असते. ती मोडकी आहे, तिचा एक पाय कागदाच्या घडीवर उभा आहे, तरी ती आहे. ती आहे म्हणून माझे उभे राहणे हे काम ठरते. ती नसती तर तीच गोष्ट शिक्षा ठरली असती. सेवा आणि गुलामी यांतले सगळे अंतर एका खुर्चीने मोजता येत नाही हे मला कळते. पण बरेचसे मोजता येते.

हे आमच्या कारखान्यांच्या गावाला तरी नवे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ते लिहूनच ठेवले होते. सलग पाच तासांहून जास्त काम नको, मधे निदान अर्धा तास सुटी हवी. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विसाव्याची व जेवणाची खोली, अडीचशेहून अधिक असतील तिथे उपाहारगृह. आणि ज्यांना उभे राहूनच काम करावे लागते त्यांच्यासाठी बसायची सोय, म्हणजे कामात जी क्षणाची उसंत मिळेल ती त्यांना घेता यावी. कायद्याच्या रुक्ष भाषेत एवढी माणुसकी क्वचितच सापडते. लोखंड आणि दारूगोळा यांच्या सोबतीला कायद्याने बाकडे ठेवले होते. सुगंध आणि मंद सतारीच्या सोबतीला ते कुणाला आठवत नाही. दुकानांची गोष्टही अशीच होती. केरळात कोझिकोडच्या बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर उभ्या असत. स्टूल समोर असले तरी टेकायची मुभा नव्हती. त्यांनी वर्षानुवर्षे भांडून बसण्याचा हक्क मिळवला आणि २०१८ साली केरळने तो कायद्यात घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही घातला. बसण्यासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगितली तर ती हसतात. हसू द्यावे, मोठी झाल्यावर त्यांना तिचा अर्थ कळेल.

आता सजावटीकडे परत येतो, कारण खरा प्रश्न तिथेच अडला आहे. सजावट लपवते, आणि लपवणे हे तिचे कामच आहे. नळ भिंतीत जातात, तारा छताच्या आत जातात, हवेच्या यंत्राची घरघर दाराआड जाते. यात काही खोटेपणा नाही. नळाला लपवले म्हणून नळाचा अपमान होत नाही. पण ज्या हाताने आपण नळ लपवतो त्याच हाताने, त्याच सवयीने, माणूसही लपवतो. कागदावर दोन्ही रेघाच असतात. सजावट नळाकडून माणसाकडे केव्हा वळली हे काढणाऱ्यालाही कळत नाही. माझ्या मते मर्यादा इथे आहे. वस्तू झाका, वास झाका, आवाज झाका. परंतु माणूस झाकायचा असेल तर आधी त्याला नीट जागा द्या. त्याला दाराआड विसावा असेल तर ते दार त्याचे आहे. दाराआड विसावा नसेल तर ते दार त्याच्यावर लावलेले आहे.

या ठिकाणांच्या सजावटीत बहुधा एक बुद्धमूर्ती असते. कधी नुसते मस्तकच, पाण्याच्या कडेला, हनुवटीखाली दिवा. मला ते नेहमी खटकते. खडकीहून लोणावळ्याच्या गाडीत बसले की वाटेत देहूरोड लागते. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्यांना गावाच्या हौदावर पाणी मिळत नव्हते त्यांच्यासाठी ती मूर्ती बसवली होती. मिटल्या डोळ्यांचा तोच चेहरा इकडे शांततेची खूण म्हणून टेबलाशेजारी ठेवतात, आणि ठेवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हेही खरे. पण ज्याने दुःख या शब्दापासून आरंभ केला, त्याच्या मस्तकाखालून दिवसभर उभी असलेली मुलगी चादरी घेऊन जिन्याखाली जाते, तेव्हा ती शांतता उसनी वाटू लागते. बुद्ध ठेवायचाच असेल तर आधी जिन्याखालचे दुःख पाहावे.

माझ्या विद्यार्थ्याने मला शेवटी सरळच विचारले, "सर, मग मी काय करू? काम सोडू?"

त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि घराचा हप्ता आहे. त्याला 'सोड' म्हणणे मला सोपे होते, कारण सोडायचे त्याला होते. मी त्याला एवढेच म्हणालो, "तू बाकडे काढ. खिडकी काढ. कारण लिही आणि नकाशा मालकापुढे ठेव. खोडायचे असेल तर त्यांनी खोडावे."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटते की माझ्या प्रश्नाचे जेवढे उत्तर मला देता येते तेवढे यातच आहे. जे बाकडे कागदावर नव्हतेच, ते कुणीही नाकारलेले नसते. मालक म्हणतो, मला कुणी सुचवले नाही. नकाशा काढणारा म्हणतो, मला कुणी सांगितले नाही. गिऱ्हाईक म्हणते, मला काय ठाऊक? आणि ती मुलगी चादरींच्या गठ्ठ्यावर टेकते. जगातली बरीचशी निष्ठुरता अशी बिनसहीची असते. तिच्यामागे दुष्ट माणूस शोधू गेले तर सापडत नाही. पण बाकडे एकदा कागदावर आले की ते खोडायला कुणाचा तरी हात लागतो, आणि स्वतःच्या हाताने बाकडे खोडणे हे बहुतेक माणसांना वाटते तितके सोपे जात नाही. प्रत्येकाने क्रांती करावी असे नीती सांगत नसेल. पण आपल्या हातातल्या कागदावर ती रेघ काढावी, इतके ती नक्की सांगते.

त्याने तसे केले. मालकांनी खिडकी खोडली, कारण त्या भिंतीपलीकडे पाण्याची टाकी होती. चादरींचे कपाट बोळात गेले आणि बाकडे राहिले. सात फूट लांब, भिंतीला टेकलेले. बावीस माणसांना ते पुरणार नाही, हे मला माहीत आहे. पण एका वेळी चौघी बसतील.

गिऱ्हाइकाच्या हातातही एक कागद असतो, आणि तो म्हणजे बिल. ते देताना 'तुम्ही लोक बसता कुठे?' एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. दहा जणांनी विचारले तर मालकाला बाकडे सुचेल, पन्नास जणांनी विचारले तर खिडकीही सुचेल.

आणि हे सगळे बाहेरच्यांना सांगून झाल्यावर, या दिवाळीच्या पहाटे आपल्याच घरात जरा पाहावे. सर्वांच्या आधी उठून पाणी तापवायला कोण लागले, सर्वांच्या पाठीला तेल कुणी लावले, आणि पाणी कोमट झाल्यावर सर्वांच्या शेवटी घाईघाईने अंघोळ उरकून फराळाची ताटे कुणी मांडली. तिला आधी पाटावर बसवावे, आणि पाणी दुसऱ्या कुणीतरी तापवावे.